हृदयातील यंत्र आणि घरातील हिशोब



जुलै २०२२ मधली गोष्ट. पप्पा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात तीस वर्षे काम करून निवृत्त झालेले. जिना चढताना दम लागू लागला, पायांवर सूज दिसू लागली, रात्री झोपेतून उठून ते खिडकीशी बसून राहायचे. टू-डी इको केला तेव्हा कळले की हृदय पसरले आहे आणि त्याची रक्त पुढे ढकलण्याची ताकद, जिला डॉक्टर ई.एफ. म्हणतात, २५ टक्क्यांवर आली आहे. निरोगी माणसात ती साधारण ५५-६० च्या घरात असते. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या. म्हणजे हा हार्ट अटॅकचा परिणाम नव्हता, स्नायूच अशक्त झाला होता.

रुग्णालयात आम्हा भावंडांना एका छोट्या खोलीत बसवून सांगण्यात आले की अशा हृदयाचा ठोका कधीही एकाएकी बिघडू शकतो आणि माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. त्यावर उपाय म्हणजे आय.सी.डी. नावाचे यंत्र. काडेपेटीहून थोडे मोठे असते, छातीच्या कातडीखाली बसवतात, त्याची तार हृदयात जाते. ठोका बिघडला की ते आतून विजेचा झटका देऊन हृदयाला ताळ्यावर आणते. मग एक कागद पुढे सरकवला. त्यावर आकडा होता, सात लाख ऐंशी हजार. "दोन दिवसांत कळवा."

त्या रात्री आमच्या स्वयंपाकघरात जे बोलणे झाले ते मी या पानावर सांगणार नव्हतो. पण ते वगळले तर बाकीचे लिहिण्यात अर्थ नाही. ताई म्हणाली, माझे दागिने आहेत, ते ठेवू. धाकटा म्हणाला, सोसायटीचे कर्ज मिळेल. माझ्या मुलीचा त्याच वर्षी नर्सिंगला प्रवेश झाला होता, तिची फी भरायची होती. मी हिशोब मांडत बसलो. यंत्राची बॅटरी किती वर्षे टिकते? सात-आठ, फार तर दहा. म्हणजे तेव्हा पुन्हा खर्च. पप्पा तोवर किती वर्षांचे होतील? हा प्रश्न मी मोठ्याने विचारला. आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत.

सकाळी चहा पिताना पप्पा म्हणाले, "मला ते मशीन नको. अरे, तीस वर्षं मी हेच केलंय. स्पेअर पार्टची किंमत मशीनपेक्षा जास्त झाली, की साहेब सही करत नाही. मशीन स्क्रॅपला जातं." आणि हसले.

ते ऐकून मला पहिल्यांदा काय वाटले? सुटल्यासारखे वाटले. दुःख नंतर आले, लाज त्याच्याही नंतर. माझ्या मते या विषयातला खरा नैतिक प्रश्न त्या सुटल्यासारख्या वाटण्यात आहे. यंत्र महाग आहे की स्वस्त हा प्रश्न त्याच्यानंतरचा.

पप्पांना आजाऱ्यांसाठीचे ख्रिस्तशरीर घेऊन फादर घरी आले तेव्हा पप्पांनी सरळ विचारले, "फादर, नाही म्हटलं तर ते पाप होतं का? आत्महत्येसारखं?" फादरांनी नाही म्हणून सांगितले, आणि ते का, हेही सांगितले. मला ते नवीन होते. ख्रिस्तसभा हा प्रश्न फार जुन्या काळापासून विचारत आली आहे. स्पेनमधील सालामांका विद्यापीठात शिकवणारे दोमिनिकन गुरू फ्रान्सिस्को दे व्हितोरिया (मृत्यू १५४६) यांच्यापुढेही तो आला होता. वैद्याने सांगितले की अमुक महाग अन्न खाल्ले तर आयुष्य वाढेल, तर आजाऱ्याने ते खाल्लेच पाहिजे का? आपली सारी मिळकत प्रकृतीसाठी ओतलीच पाहिजे का? त्यांचे उत्तर होते, नाही. जीव जपणे कर्तव्य आहे, पण कोणत्याही किमतीला नाही. पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञ डॉक्टरांपुढे बोलताना हाच विचार मांडला. माणूस, स्थळ, काळ पाहून जी साधने नेहमीची ठरतात आणि ज्यांचे भारी ओझे स्वतःवर किंवा दुसऱ्यावर पडत नाही, तेवढीच बंधनकारक. ५ मे १९८० च्या दयामरणावरील व्हॅटिकनच्या निवेदनात तर खर्चाचा थेट उल्लेख आहे. कुटुंबावर किंवा समाजावर फार मोठा खर्च पडू नये म्हणून एखाद्याने उपचार नाकारला, तर ती आत्महत्या नव्हे.

पप्पांना बरे वाटले. मला मात्र त्यात एक काटा सापडला. हा हक्क आजाऱ्याला दिला आहे. "माझ्यासाठी एवढे नको" असे आजारी माणूस म्हणू शकतो. "तुझ्यासाठी एवढे नको" असे त्याच्या मुलाने म्हणण्याची मुभा त्यात कुठेच नाही. आणि पातळ भिंतीपलीकडून मुलाचा हिशोब ऐकून बापाने जे म्हटले, ते त्याचे की मुलाचे?

शुभवर्तमानात असाच एक हिशोब आहे. बेथानीत मरियेने जटामांसीचे मौल्यवान सुगंधी तेल प्रभूच्या चरणांना लावले, तेव्हा यहूदा इस्कार्योत कुरकुरला की हे तीनशे दिनारांना विकून गोरगरिबांना का दिले नाही. तीनशे दिनार म्हणजे एका मजुराची जवळजवळ वर्षभराची मजुरी. लहानपणी मला वाटे की यहूदाचे म्हणणे तसे बरोबरच आहे. आजही, नुसता आकडा पाहिला तर, बरोबर आहे. पण संत योहान पुढे लिहितो की त्याला गरिबांची पर्वा नव्हती. पैशाची थैली त्याच्याकडे असे आणि तो तिच्यातून काढून घेत असे. म्हणून आजारी माणसाच्या खर्चाचा हिशोब कोणी मांडू लागले, की मी आता आधी बघतो, थैली कोणाच्या हातात आहे. त्या रात्री ती माझ्या हातात होती.

ती दुसऱ्यांच्याही हातात असते. "दोन दिवसांत कळवा" असे सांगणाऱ्याचाही त्यात काही भाग असतो. ओळखीच्या एका सिस्टरने आम्हाला दुसरे मत घेण्याचा आग्रह केला. दुसऱ्या डॉक्टरांनी कागद पाहून पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या कोणकोणत्या आणि किती दिवस चालू आहेत?" आम्ही जे सांगितले त्यावर ते म्हणाले की यंत्राचा विचार करण्याआधी योग्य गोळ्या योग्य मात्रेत निदान तीन महिने द्यायच्या, असा नियमच आहे. कारण पुष्कळदा त्यांनीच हृदयाची ताकद वाढते. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०१३ साली हृदय कमकुवत होऊन दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांची नोंद ठेवली गेली. त्यांतील ज्यांच्या हृदयाची ताकद घटलेली होती, त्यांच्यापैकी घरी जाताना या सगळ्या शिफारस केलेल्या गोळ्या चौघांतल्या एकालाच मिळाल्या होत्या. लाखांचे यंत्र सुचवले जाते आणि रोजच्या गोळ्या राहून जातात! त्या गोळ्यांतील जुन्या तर पूर्वीपासून स्वस्त आहेत. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात २०२० मध्ये संपले आणि किंमत एकदम उतरली. दुसऱ्या एका महागड्या जोडगोळीचे पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपले.

आम्ही गोळ्या सुरू केल्या. मीठ कमी केले. सुक्या मासळीवरून घरात भांडण झाले. ताई रोज सकाळी पप्पांना वजनकाट्यावर उभे करी. तीन महिन्यांनी ई.एफ. ३२ आली. यंत्राची शिफारस ३५ किंवा त्याखाली असेल तर करतात, म्हणजे प्रश्न मिटला नव्हता.

मग डॉक्टरांनी आम्हाला आकडे समजावून दिले, आणि ते पप्पांच्या समोर दिले, हे मला महत्त्वाचे वाटते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत २,५२१ रुग्ण होते. यंत्राशिवाय पाच वर्षांत शंभरातले ३६ गेले, यंत्र असलेल्यांतले २९. म्हणजे पाच वर्षांत शंभरामागे सात जीव वाचले. दुसऱ्या शब्दांत, चौदा जणांना यंत्र बसवावे तेव्हा एक वाचतो. तो एक कोण, हे कोणालाही आधी सांगता येत नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील अभ्यासकांनी हिशोब केला की या यंत्राने मिळणारे धडधाकट आयुष्याचे एक वर्ष ३४,००० ते ७०,२०० डॉलरला पडते. तेव्हाच्या दराने कमीत कमी पंधरा लाख रुपये. तिकडे हा खर्च रास्त मानला गेला. आपल्या देशाचे सरासरी वार्षिक उत्पन्न आजही माणशी सुमारे दोन लाख आहे.

पुढे २०१६ मध्ये डेन्मार्कमधील चाचणी आली. तिच्यात १,११६ रुग्ण होते, आणि सगळे पप्पांसारखे, म्हणजे रक्तवाहिन्या मोकळ्या पण स्नायू अशक्त. पाच-साडेपाच वर्षांत यंत्र असलेल्यांतले २१.६ टक्के गेले, नसलेल्यांतले २३.४ टक्के. फरक इतका थोडा की तो योगायोगही असू शकेल. एकाएकी येणारा मृत्यू मात्र यंत्राने निम्म्यावर आणला होता. बाकीचे रुग्ण दुसऱ्या कारणांनी गेले. तरुण रुग्णांना फायदा दिसला, सत्तरीच्या पुढे तो जवळजवळ विरून गेला.

(येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आमची कथा वाचून कोणी आपला निर्णय घेऊ नये. ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेला आहे, जे वयाने लहान आहेत, ज्यांचे हृदय एकदा बंद पडून पुन्हा सुरू झाले आहे, त्यांचा हिशोब अगदी वेगळा आहे. हृदयाच्या दोन्ही बाजू एका तालात आणणारे सी.आर.टी. नावाचे यंत्र वेगळे, आणि साधा पेसमेकर तर आणखी वेगळा. पेसमेकर हवा असताना तो टाळणे बहुधा शहाणपणाचे नसते.)

पप्पांनी सगळे ऐकून घेतले. मग एक प्रश्न विचारला, जो आम्हा तिघांपैकी कोणालाच सुचला नव्हता. "शेवटी मी दुसऱ्या कशाने अंथरुणाला खिळलो, तर हे मशीन झटके देत राहील का?" डॉक्टर म्हणाले, देऊ शकते, पण ते बाहेरून बंद करता येते, शस्त्रक्रिया लागत नाही, फक्त वेळेवर कोणीतरी सांगायला हवे. ज्यांच्या घरात असे यंत्र बसवलेले माणूस आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे. मरणाच्या दारातल्या माणसाचे यंत्र बंद करणे म्हणजे त्याला मारणे नव्हे. त्याला वारंवार झटके बसू देणे ही मात्र विनाकारण यातना आहे.

पप्पांनी पुन्हा नाही म्हटले. या वेळी ते स्क्रॅपविषयी बोलले नाहीत. म्हणाले, "आता मला कळलंय काय नको म्हणतोय ते." मला दोन्ही नकारांत फरक वाटतो. पहिला नकार त्यांनी आम्हाला सोडवण्यासाठी दिला होता. दुसऱ्यात निदान आकडे त्यांच्या हातात होते. पण पहिली रात्र त्यातून पूर्ण पुसली गेली असेल का? तेही मी स्वतःला विचारतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये एका पहाटे पप्पा झोपेतच गेले. दोन वर्षे दोन महिने मिळाले, त्यांतली बरीचशी चांगली. नातीच्या नर्सिंगच्या गणवेशातला फोटो त्यांच्या उशाशी होता. झोपेत, एकाएकी. हेच ते मरण, जे थांबवण्यासाठी ते यंत्र असते. कदाचित त्या पहाटे त्याने झटका दिला असता आणि पप्पा उठून चहा मागते झाले असते. कदाचित आणखी सहा महिन्यांनी, सूज येऊन, गुदमरत गेले असते. डॉक्टर म्हणाले, हे कोणी सांगू शकत नाही.

आता किमतीविषयी. आपण ती जणू आकाशातून पडल्यासारखी धरून चालतो. पण आपल्या पिंपरीनेच एकेकाळी दुसरे काही पाहिले आहे. येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना १९५४ साली सरकारने काढला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. औषध बनवणारा तो सार्वजनिक क्षेत्रातला देशातला पहिला कारखाना. पेनिसिलीन परदेशातून आणावे लागू नये आणि साध्या माणसाला परवडावे म्हणून तो उभा राहिला. आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल त्या कारखान्याच्या पगारावर पेटली. अलीकडचे उदाहरण स्टेंटचे. लाख-सव्वा लाखाला विकल्या जाणाऱ्या औषधी स्टेंटची किंमत फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने २९,६०० रुपयांवर बांधली. पुढे महागाईप्रमाणे ती थोडी वाढत गेली, पण जुन्या भावाला पुन्हा पोहोचली नाही. आय.सी.डी.वर अशी कमाल किंमत अजून बांधलेली नाही. छापील किंमत वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, एवढेच बंधन २०२० पासून आहे.

म्हणून हिशोब घरच्या स्वयंपाकघरात मांडण्याआधी तो बाहेर मांडून घ्यावा. महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे. कोणते यंत्र त्यात बसते ते योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. मोठमोठी रुग्णालये पुष्कळदा धर्मादाय न्यासाची असतात, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. आम्ही हे त्या दोन दिवसांत विचारलेच नाही. लाज वाटली. कर्ज काढायची लाज वाटत नव्हती, सवलत मागायची वाटली!

२ नोव्हेंबर २०२४ रोजी, मृतांच्या स्मरणदिनी, कबरींना आशीर्वाद देण्याचा विधी झाल्यावर आम्ही पप्पांच्या कबरीशी मेणबत्त्या लावत होतो. तेथे आपल्या धर्मग्रामातली एक बाई भेटली. चाळिशीतली, दोन मुले शाळेत. तिच्या छातीत आय.सी.डी. आहे. तिचे हृदय एकदा बंद पडले होते, यंत्राने नंतर दोनदा तिला परत आणले आहे. घर गहाण आहे. तिच्याकडे पाहून कोण म्हणेल की खर्च वाया गेला? ती कबरींकडे बघत म्हणाली, "हिंदू लोक दहनाआधी मशीन काढून घेतात, बॅटरी फुटते म्हणून. आपण पुरतो, म्हणून आपलं मशीनही पुरलं जातं. माझ्याबरोबर सात लाख मातीत जाणार का?"

मी घरी येऊन शोध घेतला. हा प्रश्न आधी विचारला गेला आहे, आणि आपल्यापासून फार लांब नाही. वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये ५३ गरीब रुग्णांना शिकागो परिसरातल्या मृत माणसांच्या छातीतून काढलेले पेसमेकर बसवले गेले. अंत्यविधी करणाऱ्या संस्थांमार्फत ते दान झाले, बॅटरी तपासून, निर्जंतुक करून इकडे पाठवले गेले. त्याचा अहवाल २०१२ मध्ये छापून आला. कोणाला जंतुसंसर्ग झाला नव्हता. त्याच वर्षी भारतातील ८१ रुग्णांचा दुसरा अहवाल आला, तो वापरलेल्या आय.सी.डी.चा होता. या कामात पुढाकार घेणारे डॉ. डॅनियल मस्करेन्हस अमेरिकेत हृदयरोगतज्ज्ञ आहेत. त्या ८१ जणांपैकी साधारण निम्म्यांना यंत्राची खरोखर गरज पडली आणि ते कामी आले. २०२० मध्ये कॅनडातून चाललेल्या अशाच कामाचा १,०५१ रुग्णांचा अभ्यास आला. जंतुसंसर्गाचे प्रमाण नव्या यंत्रांपेक्षा लक्षणीय जास्त नव्हते. आम्ही कबरीशी उभे होतो त्याच महिन्यात अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने सात देशांतल्या सुमारे तीनशे रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष मांडले. स्वच्छ करून पुन्हा बसवलेले पेसमेकर नव्यांइतकेच सुरक्षित ठरले.

अडचणीही आहेत. कंपन्या ही यंत्रे एकाच रुग्णासाठी म्हणून विकतात. ज्या अमेरिकेत ती दान होतात, तेथेच दुसऱ्या रुग्णाला ती बसवत नाहीत. काही जण विचारतात, श्रीमंतांनी वापरलेले गरिबांना का? हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. पण पर्याय नवे यंत्र नसून काहीच नाही असा असेल, तर हा प्रश्न त्या आजाऱ्याला विचारावा, आपणच त्याच्या वतीने नाक मुरडू नये. अर्थात हे काम योग्य परवानगी आणि योग्य निर्जंतुकीकरणाशिवाय कोणी करू नये, कोणाला सुचवूही नये.

त्या बाईंनी आपल्या यंत्राचे ओळखपत्र मला दाखवले. रुग्णाने ते नेहमी जवळ ठेवायचे असते. त्याच्या मागे त्यांनी बॉलपेनने लिहिले आहे की माझ्यानंतर हे काढून घ्यावे आणि कोणाला उपयोगी पडते का ते विचारावे. विचारायचे कोणाला, हे त्यांना माहीत नाही, मलाही नाही. आपल्या धर्मग्रामात डॉक्टर आहेत, नर्स आहेत, कोर्टात काम करणारे आहेत. ज्यांना याविषयी काही माहिती असेल किंवा काढता येईल, त्यांनी कृपया रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये मला भेटावे. त्या बाईही असतील.